कबीरला सिनेमाला न्यायचं की नाही

अज्जी,

तुम्हाला जाऊन महिनाही झालेला नाही, आणि आमच्या घरात सिनेमावरून एकदाही भांडण झालेलं नाही. परवा मुक्ताने विचारलं, "बाबा, शनिवारी काहीतरी बघू या का?" मी म्हटलं, "बघू." कावेरी म्हणाली, "बघा." कबीर म्हणाला, "मला काहीही चालेल." इतकं समंजस घर मला सहन होईना. तुम्ही असतात तर चामराजपेटेहून लगेच फोन आला असता, "काहीही चालेल म्हणजे काय? सिनेमा आहे की उप्पिट?"

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती वर्षं नोकरी, हे सगळं तुमच्या धाकट्या बहिणीने, नलूमावशींनी, आल्यागेल्याला सांगून झालेलं आहे. मला त्यात भर घालायची नाही. मला आपल्या त्या एका वादाबद्दल बोलायचंय, जो आपण अर्धवट सोडला. सोडला म्हणजे काय, तुम्ही उठून गेलात. आजवर कुठल्याही वादातून तुम्ही आधी उठला नव्हतात.

आपली पहिली भेट आठवते? कावेरीने मला आधीच बजावलं होतं, "अम्मा पगार विचारणार नाही. सिनेमा विचारेल." तसंच झालं. तुम्ही समोर कॉफी ठेवलीत आणि विचारलंत, "शेवटचं रडलात तो सिनेमा कोणता?" मी पक्का नागपूरचा. म्हटलं, "मी सिनेमात रडत नाही." तुम्ही कावेरीकडे बघितलंत आणि म्हणालात, "सरी, ठीक आहे. शिकवू." लग्न त्या क्षणी ठरलं, असं कावेरी अजून सांगते.

तुमची मराठी मला पहिलं वर्षभर अर्धीच कळायची. तुमचं घराणं इथे बेंगळुरूत येऊन तीनचारशे वर्षं झालेली, निम्मे शब्द कन्नडच्या अंगणात खेळून आलेले. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात मी तुम्हाला आग्रहाने भात वाढत होतो आणि तुम्ही "साकु, साकु" म्हणत होतात. मला वाटलं, तुम्ही सखू नावाच्या कुणाला तरी हाका मारताय. मी मागे वळून दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "त्या बाहेर असतील." तोवर तुमच्या ताटात भाताचा डोंगर झाला होता. साकु म्हणजे पुरे, हे कावेरीने हसून लोळण घेतल्यावर सांगितलं. तुम्ही मात्र तो सगळा भात संपवलात. जावयाने वाढलेला म्हणून नाही, सिनेमाला उशीर होत होता म्हणून.

मुलं झाल्यावर मी त्यांना "आजी" शिकवायचा खूप प्रयत्न केला. पण तुमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं तुम्हाला अज्जी म्हणायची. शेवटी मुलं हरली नाहीत, मीच हरलो. तेव्हापासून तुम्ही माझ्याही अज्जीच.

आता त्या सिनेमाबद्दल.

यंदाच्या थंडीत तो कन्नड सिनेमा लागला. जुन्या बेंगळुरूतल्या प्लेगच्या साथीवरचा. पेटेत बांगड्या विकणारं एक कुटुंब, दोन लहान मुलं, घरोघर तपासणी, गावाबाहेरच्या झोपड्या. पोस्टरवर काळपट आकाश आणि एक बैलगाडी. मुक्ता चौदाची, तिच्या वर्गात सगळे बोलत होते म्हणून तिला बघायचा होता. कबीर आठचा, त्याला मुक्ताला बघायचा होता म्हणून बघायचा होता. आणि तुम्हाला दोघांनाही न्यायचं होतं, कारण तुमच्या आजीने ती साथ लहानपणी अंगावर काढली होती.

"पोस्टरवर तेरा प्लस लिहिलंय," मी म्हटलं.

"खाली काय लिहिलंय ते पण वाचा. आई-वडिलांनी ठरवावं असं आहे."

"मग मी ठरवतोय ना. नाही."

"अय्यो, ठरवणं म्हणजे नाही म्हणणं होय? तसं तर दगडाला पण जमेल."

कावेरीने लॅपटॉपमधून मान वर न करता निकाल दिला, "तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा. मी दोन्हीकडून भांडणार नाही."

मग आठवडाभर आपण फोनवर भांडलो. मी म्हणायचो, पोरगं अजून जिना अंधारात एकटं चढत नाही, त्याला प्रेतांनी भरलेली गाडी दाखवायची? इतिहास आहे म्हणून काय झालं? इतिहास काय पळून जातोय? तुम्ही म्हणायचात, त्याच्या गेममध्ये दर मिनिटाला माणसं मरतात, तेव्हा तुम्हाला काही वाटत नाही. मी म्हणायचो, ती खोटी असतात. तुम्ही म्हणायचात, "तेच तर! मेलं की पुन्हा उठतात. हे त्याला खरं वाटायला लागलं तर?"

मी म्हटलं, "आधी आपण दोघं बघून येऊ. मग बोलू."

"हं. आता कसं शहाण्यासारखं बोललात, नागपूरकर."

मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. मॅनेजरला कारण सांगितलं, सासूबाईंना घेऊन जायचंय. तो हळहळला, म्हणाला, कुठल्या हॉस्पिटलला? मी म्हटलं, मॉर्निंग शोला.

तुम्ही रिक्षातून उतरलात ती मोरपंखी साडी, खांद्यावर शाल, आणि शालीखाली फुगलेली पिशवी. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवीत हात घातला, तर कोडबळ्यांचा, म्हणजे आमच्या कडबोळ्यांचा, डबा. बाहेरचं खाणं आत चालत नाही, तो म्हणाला. तुम्ही त्याला कन्नडमध्ये गंभीरपणे सांगितलंत की हे शुगरचं औषध आहे, दर तासाला घ्यावं लागतं. त्याने झाकण उघडलं, एक कोडबळं तोंडात टाकलं, नीट चावून खाल्लं, आणि म्हणाला, "औषध चांगलं आहे, अम्मा. जा."

सिनेमा खरंच चांगला होता, नाही? मला कन्नड बेताचंच, मी खालची इंग्रजी वाचत होतो. तुम्ही शांतपणे खात बसला होतात. मग तो प्रसंग आला. बांगडीवाला घर बंद करून बायकामुलांना घेऊन झोपडीकडे निघतो. दाराला कुलूप लावतो, चार पावलं जातो, परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. नागपूरचं आमचं घर विकलं, त्या दिवशी माझ्या बाबांनी अगदी असंच कुलूप ओढून बघितलं होतं. घर आता दुसऱ्याचं, तरी. मला काही कळायच्या आत डोळे वाहायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. नुसती शाल पुढे केलीत. आणि माझं नाक पुसून झाल्यावर हळूच म्हणालात, "शिकलात."

पंधरा वर्षं वाट बघितलीत तुम्ही तो शब्द म्हणायला. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. शाल धुऊन परत दिली, तेवढंच.

त्यानंतरचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. सिनेमातल्या धाकट्या मुलीला ताप येतो. आई तिला तपासणीवाल्यांपासून झोपडीच्या माळ्यावर लपवते, आणि मोठ्या मुलाला, तोंडातून काही जाऊ नये म्हणून, शेजारच्या झोपडीत खेळायला पाठवते. तो दिवेलागणीला परत येतो तेव्हा बहिणीचं अंथरूण गुंडाळलेलं असतं. कुणी काही बोलत नाही. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही पदर डोळ्यांवर धरून बसला होतात. रडत नव्हतात. फक्त बघत नव्हतात. कोडबळं हातात तसंच.

बाहेर येऊन आपण कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी घेतली. पहिला घोट घेतला आणि दोघं एकदम बोललो.

"कबीरला नको," तुम्ही म्हणालात.

"कबीरला नेऊ या," मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावरचा माणूस इडली खाता खाता वळून बघायला लागला, इतके आपण हसलो. आठवडाभर भांडून दोघांनी एकमेकांची बाजू घेतली होती. मग तुम्ही कप खाली ठेवलात आणि मला गोपीबद्दल सांगितलंत. तोवर मला ठाऊकही नव्हतं की तुम्हाला एक भाऊ होता.

"पाच वर्षांचा होता. ताप आला. मी कबीरएवढी. मला समोरच्या घरी पाठवलं, हातात लाडू देऊन. दिवसभर चौकाबारा खेळले मी. जिंकले पण. संध्याकाळी आले तर त्याची गादी गच्चीवर टाकलेली. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

तुम्ही कप बाजूला सरकवलात.

"म्हणून तर मी म्हणत होते, मुलांपासून लपवू नका. आयुष्यभर हेच म्हणत आले. आणि आज तो सीन आला तर माझेच डोळे मिटले. मला बघवलं नाही, मग त्या पोराला कुठल्या तोंडाने सांगू, बघ म्हणून?"

"तुम्हाला बघवलं नाही, कारण तेव्हा तुमच्या शेजारी कुणी नव्हतं," मी म्हटलं. "त्याच्या एका बाजूला तुम्ही असाल, एका बाजूला मी."

"आणि आपण दोघं रडत बसलो, तर तो पॉपकॉर्न कुणाकडे मागणार?"

अज्जी, हा प्रश्न तुम्ही गमतीत विचारलात, पण मी त्यावर अजून विचार करतोय.

शेवटी तोडगा निघाला. मुक्ताला तुम्ही न्यायचं, कबीरला सध्या नाही. मुक्ता परत आली तेव्हा मी दारातच विचारलं, "कसा होता?" ती बूट काढत म्हणाली, "ठीक. जरा स्लो." तुमचा चेहरा असा झाला, की जणू तिने तुमच्या आजीलाच स्लो म्हटलं. तुम्ही कॉफी न घेता चामराजपेटेला गेलात. रात्रीच्या जेवणाला मात्र मुक्ता आपणहून सांगायला लागली. "बाबा, तो अंथरुणाचा सीन आला ना, तेव्हा अज्जीने डोळे मिटले. मला म्हणाली, काय चाललंय ते हळू आवाजात सांग. मग मी सांगत होते. मागचे लोक शूऽ शूऽ करत होते, तरी सांगितलं. संपल्यावर म्हटलं, आता उघड." थोडा वेळ भात चिवडून म्हणाली, "तिने सगळं ऐकलं. हात धरून ठेवला होता माझा."

चौदाव्या वर्षी हा सिनेमा दाखवावा की नाही, ह्यावर मी इंटरनेटवर काय काय वाचलं होतं. तुमच्या हाताचं कुठेच काही नव्हतं.

राहिला कबीर. तो रुसून बसला. मग तुम्ही रविवारी आमच्या घरी, एचएसआरला आलात, दुपारच्या उन्हात बाल्कनीत चटई टाकलीत आणि म्हणालात, "सिनेमा इथेच दाखवते. भीती वाटली की साकु म्हणायचं. मी थांबणार." आणि सुरू झालात. बांगडीवाला तुम्ही, त्याची बायको तुम्ही, बैल तुम्ही, तपासणीचा गोरा साहेब तर असा केलात की समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालायची थांबली. मी आत दाराआड उभा. आता साकु म्हणेल, मग म्हणेल. साहेब आला, तरी कबीर साकु म्हणाला नाही. घर सुटलं, तरी नाही. आणि मग तुम्ही सांगितलंत की पिंजऱ्यातला पोपट मागे राहिला. तेव्हा कबीर म्हणाला, "साकु."

तुम्ही तिथल्या तिथे थांबलात. "सरी," म्हणालात, आणि दोघं आत येऊन केळी खाल्लीत. सेन्सॉरवाल्यांच्या पोपट कधी लक्षात येणार नाही. माझ्याही आला नसता.

पुढच्या रविवारी तोच चटई घेऊन बसला. "पुढे सांग." तुम्ही पोपट सोडून पुढे गेलात. ताप आला, माळा आला, तो मुलगा खेळायला गेला. तुमचा आवाज जरा खाली आला. मला वाटलं तुम्हीच साकु म्हणाल. पण तुम्ही अंथरूण गुंडाळलंत, आणि गोष्ट तिथे संपवलीत.

कबीरने विचारलं, "मग त्या मुलाला कुणी सांगितलं?"

"सिनेमात कुणी नाही सांगितलं."

"असं कसं? मग तू सांग ना त्याला."

तुम्ही त्याला जवळ ओढलंत. मग सांगितलंत, की शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीने त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, बाळा, तुझी बहीण आज वारली. तिला खूप ताप होता. आई जवळ होती. तुझी काही चूक नाही. तुला रडायचं असलं तर रड, आणि खेळायचं असलं तर खेळ.

मला आतून राहवलं नाही. मी ओरडलो, "अज्जी, हे सिनेमात नाही!"

"गप्प बसा, नागपूरकर. हे माझं आहे."

कबीर तुमच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाला, "हेच बरंय."

आपला वाद तिथेच राहिला. संक्रांतीनंतर पुन्हा बोलू, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमचं म्हणणं होतं, बघा, सिनेमाची गरजच पडली नाही, सांगून भागलं. माझं म्हणणं होतं, सांगणारी तुमच्यासारखी घरोघर कुठे असते, म्हणून तर सिनेमे लागतात. आणि ह्यावर तुमच्याकडे उत्तर होतं. फोनवर म्हणाला होतात, "उत्तर आहे, पण समोर बसून देते." ते काय होतं, अज्जी? मला खरंच कळत नाही.

तुम्ही गेलात तो गुरुवार. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन लावलंत, खुर्चीत बसलात, आणि नलूमावशी आंघोळ करून येईपर्यंत तुम्ही नव्हतात. कावेरी धावत पुढे गेली. मुलांना घेऊन मी निघणार, तेवढ्यात मावशींचा फोन आला. "मुक्ता येऊ दे, मोठी आहे. कबीरला नका आणू हो. शेजारी ठेवा, कार्टून लावून द्या. लहान जीव आहे."

मी कावेरीला फोनवर विचारलं. ती रडत म्हणाली, "हे तू आणि अम्मा ठरवायचात ना? मग ठरव."

एकट्याने वाद घालायची मला सवय नव्हती. गाडीची किल्ली हातात धरून मी दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं. तुमची बाजू घ्यावी, तर कुठली? कॉफीच्या आधीची की नंतरची? शेवटी मी कबीरसमोर खाली बसलो. म्हटलं, "अज्जी आज सकाळी वारली. तिला जमिनीवर ठेवलं असेल. ती बोलणार नाही, हलणार नाही. यायचंय का तुला? नाही म्हणालास तरी चालेल."

त्याने खूप विचार केला. "तिथे सगळे रडत असतील?"

"हो."

"मग मी येतो."

चामराजपेटेत गल्ली माणसांनी भरली होती. तुमच्या डोक्याशी दिवा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि साडी मोरपंखीच, ती कावेरीने निवडली होती. कबीर माझा हात धरून दारात उभा राहिला. एका वयस्कर बाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवून सांगितलं, "अज्जी झोपलीये रे, राजा."

कबीर म्हणाला, "झोपलेली नाहीये. झोपली की ती घोरते."

अज्जी, नलूमावशींना फस्सकन हसू फुटलं. मग भिंतीकडेच्या बायका. मग कावेरी. रडून रडून सुजलेली सगळी तोंडं हसत होती आणि तुम्ही मधोमध. तुमच्या सिनेमालाही असं हाउस कधी मिळालं नसतं. कबीरला कळेना काय झालं. तो पुढे आला, तुमच्या पावलाला एक बोट लावलं, म्हणाला, "गार आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आता बाहेर जाऊ या." आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. त्याने गल्लीतल्या कुत्र्याला जवळ बोलावलं. पुढचा तासभर तो कुत्र्याशी खेळला आणि मध्येच थोडासा रडला, आणि पुन्हा खेळला.

दुपारी सगळं आटोपून, आंघोळी करून माणसं जेवायला बसली. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून समोरच्या घरातून दहीभात आला होता. कुणाला घास उतरत नव्हता. मग मावशींनी गोष्ट काढली. तुम्ही दोघी कॉलेजात असताना मॅजेस्टिकला सिनेमा बघायला गेला होतात. पडद्यावरची नायिका विषाचा पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात तुम्ही ताडकन उभ्या राहिलात आणि अख्ख्या थिएटरात ओरडलात, "अगं बाई, ठेव ते खाली!" आणि पुढच्या रांगेतला माणूस वळून हात जोडून म्हणाला, "अक्का, तिने ऐकलं तर आमचे पैसे फुकट जातील."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने कावेरी हसली. ताट बाजूला सरकवून, पोट धरून हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती जोरजोरात रडायला लागली. लहान मुलीसारखी. "अम्मा," म्हणत होती फक्त.

मावशींनी मला खूण केली. "अहो, मुलांना आत न्या."

मी अर्धवट उठलो होतो, तो पुन्हा मांडी घालून बसलो. मुक्ताने ताट ठेवलं आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. कबीर हनुवटीला दहीभात लागलेला, घास हातात तसाच धरून, आईकडे टक लावून बघत होता.

मी त्याला बघू दिलं.